खान्देशात घर घेताना: तुमचा सौदा कितीला पडला?

"जळगावात काय, घरं स्वस्तच आहेत" असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, ते सगळे पगार पुण्या-नाशिकला घेतात. इथल्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये पंधरा-सोळा हजारांवर राबणारा माणूस असं म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा.

साधा हिशेब मांडतो. पिंप्राळा, निमखेडी, सावखेडा शिवार या बाजूला दोन बेडरूमच्या नव्या फ्लॅटचे आम्हाला तीस-बत्तीस लाख सांगितले. २५ लाख कर्ज, २० वर्षं मुदत, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता २१,७०० च्या आसपास बसतो. म्हणजे त्या कामगाराने महिनाभर काही न खाता अख्खा पगार बँकेत भरला तरी हप्ता पुरा होत नाही. नवरा-बायको दोघं कमावते आणि त्यातलं एक सरकारी असेल तरच बँकेतला साहेब खुर्ची पुढे सरकवतो. पण घरं तर उठतायत. मग घेतंय कोण, आणि कशाच्या जोरावर?

लिहिताना गाव, साल, किती फूट, कितीला हे द्याच. पैसा कुठून उभा केला हे जास्त महत्त्वाचं, ते टाळू नका. फ्लॅट, प्लॉट, गावातलं घर, घरकुल, भाड्याची खोली, सगळं चालेल. घेता आलं नाही तेही लिहा. बिल्डर, बँक, एजंट यांची नावं मात्र इथे नकोत.

गिरणाकाठ (जळगाव)

२०२० चा डिसेंबर. सरकारने सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली होती, ती वर्षअखेरीला संपणार होती आणि पुढचे तीन महिने सूट दोनच टक्के राहणार होती. दुय्यम निबंधक कार्यालयात ही गर्दी! तोंडाला मास्क, हातात फाइल, आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी ओरडायचं, "सर्व्हर डाउन."

फ्लॅट ६२० फूट कार्पेट, साडेचोवीस लाख. एरवी आपल्या महापालिका हद्दीत सहा टक्के लागतात, मला तीन लागले. साडेत्र्याहत्तर हजार वाचले, त्यात किचनचा ओटा आणि ग्रिल झालं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्यामुळे २२ लाख मिळाले. मी अनुदानित कॉलेजात क्लार्क, पगार वेळेवर, म्हणून बँकेने फार खळखळ केली नाही.

खरी गंमत पुढे. ६.९० टक्क्यांनी घेतलेलं कर्ज. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो) तेव्हा चार टक्के होता, तो मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. माझा हप्ता जागचा हलला नाही, म्हणून मी निवांत. एक दिवस सहज स्टेटमेंट काढलं तर अठरा वर्षं उरायला हवी होती तिथे अठ्ठावीस दिसली! हप्ता तोच ठेवून बँकेने मुदत ताणली होती. मी तेव्हा ४१ चा. म्हणजे पेन्शनमधूनही हप्ता जाणार.

शाखेत गेलो, अर्ज दिला, हप्ता १६,९०० वरून साडेएकोणीस हजारांवर नेला आणि मुदत परत जागेवर आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला निवडू द्यायचं. पण तुम्ही विचारल्याशिवाय काउंटरवरून कुणी आपणहून सांगेल असं वाटत नाही. ज्यांचं कर्ज २०२० ते २०२२ मधलं आहे त्यांनी हप्ता बघू नका, उरलेले महिने बघा. २०२५ मध्ये दर उतरले, तेव्हाही मी हप्ता तोच ठेवला. आता मुदत कमी होतेय.

पाटल्या-बांगड्या (जळगाव)

गिरणाकाठ भाऊंनी पगारातून केलं, आम्ही सोन्यातून. यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. रिटर्न भरत होतो, पण उत्पन्न अगदी कमी दाखवलेलं, तेव्हा बँकेने २७ लाखांच्या फ्लॅटला १८ वर आकडा बंद केला. उरलेले नऊ कुठून आणायचे? दोन लाख सासऱ्यांनी दिले, दीड लाख माझ्या भिशीचे, आणि माझं बारा तोळे मोडलं. पाटल्या, लग्नातला राणीहार, आईने दिलेली एकदाणी. २०२१ मध्ये घट-बिट जाऊन साडेपाच लाख हातात आले.

२०२५ मध्ये दर तोळ्याला लाखाच्या वर गेला, तेव्हापासून जाऊबाई भेटल्या की विषय काढतातच. "ठेवलं असतं तर आज बारा-तेराचं असतं गं!" फ्लॅटचं विचारलं तर एजंट तेहतीस-चौतीस म्हणतो. म्हणजे सोनं दुप्पट झालं, घर काही झालं नाही. सुवर्णनगरीत राहून हे रोज ऐकायचं म्हणजे बघा.

माझं म्हणणं एवढंच, की जाऊबाईंच्या हिशेबात भाडं कुठेच नसतं. आम्ही आठ हजार भाडं देत होतो आणि घरमालकीण दर अकरा महिन्यांनी पाचशे वाढवायची. शिवाय पाहुणे किती दिवस राहणार याची तिला आमच्यापेक्षा जास्त काळजी. राणीहार कपाटात होता तेव्हा मी तो तीनदा घातला असेल. हॉलमध्ये रोज बसते.

*धागाकर्ता: ताई, हेच हवं होतं. सोनं मोडून घर, हा जळगावचा अगदी ठरलेला मार्ग, पण कुणी लिहीत नाही. आणि "उत्पन्न कमी दाखवलेलं" हे प्रामाणिकपणे लिहिलंत. कर वाचवायला दाखवलेला कमी आकडा कर्जाच्या वेळी आडवा येतो, हे इथल्या निम्म्या दुकानदारांचं दुखणं आहे.*

केळीवाला (रावेर तालुका)

आमचं उलटं आहे भाऊ. आम्हाला रिटर्नच नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून फाइल नाही, आणि फाइल नाही म्हणून बँकेच्या लेखी आम्ही कमावतच नाही. सात एकर केळी, ठिबक, ट्रॅक्टर, सगळं आहे. पोरं भुसावळला शाळेत टाकायची होती म्हणून तिथे जामनेर रोडकडे रो-हाउस बघितलं. २६ लाख. राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो तर साहेब म्हणे, सॅलरी स्लिप? मी म्हटलं, ही कटाईची पट्टी, हा सातबारा. तो म्हणे, यावर पीककर्जाचा बोजा आहे.

शेवटी एका हाउसिंग फायनान्सवाल्याने १२ लाख दिले, साडेबारा टक्क्यांनी, पंधरा वर्षांवर. हप्ता १४,८०० च्या जवळ. बाकीचे एका वर्षाच्या चांगल्या मालाचे आणि थोडे भावाकडून उसने. आता बघा, पैसा येतो कटाईला, हप्ता लागतो दर महिन्याच्या पाच तारखेला. केळीचा भाव कधी क्विंटलला दोन हजारांच्या वर, तर कधी सहाशेलाही व्यापारी बागेत पाय ठेवत नाही. जूनमध्ये वादळ आलं की उभी बाग आडवी. मी विचारलं, वर्षातून दोनदा हप्ता घ्या ना, व्याज घ्या वरचं. म्हणे, सिस्टीममध्ये बसत नाही.

मग मीच सिस्टीम केली. माल विकला की पहिल्यांदा आठ हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे, त्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोच्या ताब्यात. खतवाल्याची उधारी त्यानंतर. खतवाला ओळखीचा आहे, तो थांबतो. फायनान्सवाल्याचा पोरगा मोटरसायकलवर दारात येतो.

देवपूरकर (धुळे)

मी फ्लॅटच्या भानगडीत पडलो नाही. धुळ्यात अजून माणसाला स्वतःच्या पायाखाली जमीन लागते. २०१९ मध्ये वलवाडी भागात एनए (बिगरशेती) ले-आउटमधला ३० बाय ५० फुटांचा प्लॉट घेतला, साडेअकरा लाख. त्याच रस्त्यावर पुढे शेताचे तुकडे पाडून गुंठ्यावर विकत होते, जवळजवळ निम्म्या भावात. एजंट म्हणे, "दादा, सगळे घेऊन राह्यले, पुढे रेग्युलर होतं सगळं." गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात आली हे खरं. पण अशा भरवशावर तेव्हा पैसे अडकवायचे, बँक कर्ज देणार नाही, नकाशा मंजूर होणार नाही, आणि दंड-विकास शुल्क भरायचं ते वेगळंच. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण तिने एका वाक्यात निकाल लावला: "कागद चोखा जोयजे (पाहिजे), पैसा जाई ते जाऊ दे."

बांधकाम २०२२ च्या उन्हाळ्यात काढलं, नेमकं लोखंड भडकलं तेव्हा. सळई किलोला सत्तरीच्या पुढे. ठेकेदाराशी मटेरियलसह १,७५० रुपये फूट ठरलं होतं, १,०५० फुटांचे १८ लाख ३७ हजार. त्याने मध्येच हात वर केले. वाद घालत बसण्यापेक्षा लोखंडाचा फरक मी निम्मा उचलला. तो पळून गेला असता तर अर्धवट कॉलम बघत बसावं लागलं असतं.

वाळूचं तर विचारू नका. नदीची वाळू म्हणजे रात्रीचा धंदा. डंपरवाला भाव फोनवर सांगत नाही, "ये ना भाऊ, बसून बोलू" म्हणतो. जोडकामाला क्रश सँड वापरली, प्लॅस्टरला तेवढी नदीची. पुढच्या वर्षी सरकारने डेपोवरून ६०० रुपये ब्रासने (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू द्यायचं धोरण आणलं. तोवर आमचं प्लॅस्टर वाळलं होतं.

आणि पाणी. आमच्याकडे तेव्हा नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. स्लॅब पडला मे महिन्यात. त्या दिवशी मिक्सर सकाळी सातला सुरू झाला, दुपारी सगळ्या मजुरांना वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, संध्याकाळी शेवटची पाटी वर गेली. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरलं तर दुपारच्या आत आटून जायचं. टँकरवर टँकर. बायको म्हणायची, स्लॅबला पाजायला पाणी आहे, मला कपडे धुवायला नाही. बोअर आधी करून घ्या, पाया नंतर खणा. एवढा एक सल्ला फुकट.

सगळं मिळून, बोअर, कंपाउंड, मीटरसकट ३४ लाख. कर्ज १५, बाकी माझी वीस वर्षांची बचत आणि पीएफमधून काढलेले.

निवृत्त गुरुजी (धरणगाव)

आपल्या धाग्यात पतसंस्थांचा उल्लेख अद्याप आला नाही, म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २००५ साली निवृत्त झालो. जळगावात महाबळ भागातला एक प्लॉट पाहून ठेवला होता. सव्वातीन लाख सांगत होते. मुलीचे लग्न आधी उरकावे, मग प्लॉट, असा विचार करून मिळालेली रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. व्याज बँकेपेक्षा बरेच जास्त, संचालक ओळखीचे, शाखा घराजवळ. आपल्या जिल्ह्यात तेव्हा शिक्षक, एसटीतले लोक, विधवा बायका, शेतकरी, सगळ्यांनीच असे पैसे ठेवले होते.

पुढे पतसंस्था कशा अडचणीत आल्या ते जळगावकरांना सांगायला नको. पावत्या हातात राहिल्या. काही रक्कम पुढच्या दहा-बारा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळाली, तीही अर्ज, उपोषणे, मोर्चे यांनंतर. त्या रांगेतल्या प्लॉटचे आज पंचेचाळीस लाख सांगतात असे मुलगा म्हणतो.

मी गावातच राहिलो. घर धाब्याचे होते. वर खारी माती, दर उन्हाळ्यात नवी टाकायची, पावसाळ्यात तरी कोपऱ्यात भांडे ठेवावेच लागे. २०१४ मध्ये सागाचे खांब तसेच ठेवून मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला. पुढची ओसरी धाब्याचीच आहे. मे महिन्यात नातवंडे पुण्याहून आली की एसी नाही म्हणून रडतात आणि मग त्या ओसरीत झोपतात. तरुणांना एकच सांगेन: घरासाठी साठवलेला पैसा दोन टक्के जास्त व्याजासाठी हलवू नका.

अमळनेर ते मोशी

आयटी, वय ३१, पॅकेज ठीकठाक. अमळनेरला बाबांचं चार खोल्यांचं घर आहे, मागे पेरूचं झाड, पुढे ओटा. पण मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "पुण्यात फ्लॅट आहे का?" दुसरा, "हप्ता किती?" म्हणजे फ्लॅट पाहिजे, पण त्यावर कर्ज नको! एका स्थळाने तर सोसायटीचं नाव विचारून नकाशावर बघितलं आणि "हिंजवडीपासून लांब पडतं" म्हणून नकार कळवला.

मोशीला ६५ लाखांचा टू बीएचके बुक केला. आता हे आकडे गावाकडच्या मंडळींनी बघावे. तीस लाखांच्या वरच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे १३ लाख माझे. पुण्याकडे मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक सात टक्के, म्हणजे ४ लाख ५५ हजार. किंमत ४५ लाखांच्या वर म्हणून जीएसटी पाच टक्के, ३ लाख २५ हजार. नोंदणी ३० हजार. या वरच्या खर्चावर बँक सहसा कर्ज देत नाही. दार उघडायच्या आधी २१ लाख दहा हजार रोख पाहिजेत.

माझ्याकडे १२ होते. बाबांनी बोरी नदीकडची दोन बिघे कोरडवाहू विकली. मी नको म्हटलं, ते म्हणाले, "तू कसणार आहेस का?" यावर काय बोलणार. जमीन घेतली कोणी, तर धुळ्याच्या एका डॉक्टरने, फार्महाउससाठी. आमच्या शेताचा पैसा मोशीत, धुळ्याचा पैसा आमच्या शेतात.

लग्न ठरलंय, डिसेंबरमध्ये. मुलगी पारोळ्याची, तिने फ्लॅटचं विचारलं नाही, अमळनेरच्या घराला संडास आतून आहे का ते विचारलं. रास्त प्रश्न.

*धागाकर्ता: शेवटचं वाचून हसलो. पण वर जी साखळी लिहिलीत ती बघा मंडळी. जळगाव-धुळ्याच्या आसपासच्या जमिनीला भाव देणारा गिऱ्हाईक बऱ्याचदा तिथला नोकरदार नसतोच. डॉक्टर, बागायतदार, व्यापारी आणि बाहेरगावी कमावणारे. प्लॉटचा दर त्यांच्या खिशाने ठरतो आणि घर शोधतो तो चटई कारखान्यातला.*

उधना पॅसेंजर (मूळ शिंदखेडा तालुका, सध्या सुरत)

मी लूमवर होतो, आता साड्यांच्या पार्सलचं काम. लिंबायतला रूम आहे, वर पत्रा, खाली आम्ही पाच जण. आमच्या गल्लीत निम्मं शिंदखेडा-शहादा भरलंय, अहिराणी बोलूनच किराणा मिळतो. तिथे घर घ्यायचं तर आमच्यासारख्याला लांब डिंडोलीकडे जावं लागतं, तरी पंचवीसच्या खाली बोलत नाहीत.

म्हणून दोंडाईचाला प्लॉट घेतला, हप्त्यावर, सहा लाखांचा. आई म्हणते, "गावले घर ते जोयजेच." बांधायला पैसा नाही, सध्या तार कंपाउंड करून ठेवलंय. दिवाळीला जातो तेव्हा बाभळी तोडतो.

कोर्ट चौक (जळगाव)

मी घेणार नाही, भाड्यानेच राहणार. रागावू नका, हिशेब बघा. ज्या फ्लॅटमध्ये राहतो त्याची किंमत ३० लाख सांगतात, भाडं आठ हजार. वर्षाचे ९६ हजार, म्हणजे किमतीच्या सव्वातीन टक्केही नाही. तोच फ्लॅट घेतला तर हप्ता तेवीस हजार, वर मेंटेनन्स, घरपट्टी. फरकाचे पंधरा हजार मी दर महिन्याला म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकतो.

सिव्हिलची सिस्टर

वकीलसाहेब (कोर्ट चौक म्हणजे वकीलच ना?), तुम्हाला भाड्याने मिळतं म्हणून हा हिशेब जमतो. मी एकटी, नाइट ड्यूटी. "रात्री उशिरा येणं-जाणं आमच्याकडे चालत नाही." "अंडं सुद्धा नको." "नवरा कुठे असतो?" शेवटी एका आजींनी माडी दिली, अट एकच, त्यांचं बीपी रोज तपासायचं. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं, मी परत रस्त्यावर. २०२४ मध्ये वन बीएचके घेतला, साडेसतरा लाख, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हप्ता भाड्याच्या दुप्पट आहे. पण रात्री दोनला कुकर लावला तरी कुणी विचारत नाही. हे एसआयपीत कुठे धरता?

नाव नको

सिस्टरताईंनी तोंड फोडलं म्हणून लिहितो. रिसेल फ्लॅट बघितला, भाव ठरला, सौदापावती उद्या करू म्हणाले. टोकन द्यायला गेलो तेव्हा आधारकार्ड मागितलं. आडनाव वाचलं. "मिसेसला विचारून सांगतो." संध्याकाळी फोन, "फ्लॅट विकला गेला." पुढे कित्येक महिने त्या गॅलरीत 'विकणे आहे' ची पाटी होती, येता-जाता दिसायची. असं एकाच ठिकाणी झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं.

शेवटी आपल्याच लोकांच्या कॉलनीत घेतला. तिथे दर जास्त पडला, कारण विकणाऱ्यालाही माहीत असतं की यांना दुसरीकडे कोण देणार नाही. सरकारी नोकरी आहे, कर्ज तीन आठवड्यांत मंजूर झालं. पैशाची अडचण नव्हतीच.

अंगणवाडी ताई (शिरपूर तालुका)

इथे सगळे लाखांत बोलतायत. आमच्या पाड्यावरचा आकडा सांगते. ग्रामीण प्रधानमंत्री आवासमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, टप्प्याटप्प्याने. रोजगार हमीची नव्वद-पंचाण्णव दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार वेगळे. आता राज्य सरकारने ५० हजार वाढवलेत.

माझ्या शेजारणीचं घर पायापर्यंत आलं आणि थांबलं. पुढचा हप्ता कामाचा फोटो चढल्यावर, फोटो इंजिनिअर आल्यावर. तोवर घरातली माणसं ऊसतोडीला निघून गेली. पाच ब्रास वाळू घरकुलाला मोफत आहे, पण ती पाड्यापर्यंत आणायचं ट्रॅक्टरभाडं आपलंच. जुनं कुडाचं घर मोडलेलं, नवीन उठलेलं नाही, म्हातारी दोन महिने ताडपत्रीत होती. मार्चमध्ये मंडळी परत आली आणि तोडीच्या पैशातून भिंती चढल्या. पत्रा टाकलाय, स्लॅब नाही. पण फरशी बसवली, निळी. ती म्हातारी कुणालाही चपला घालून आत येऊ देत नाही.

ज्यांना जागाच नाही त्यांना जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. पण विकणारा पाहिजे ना गावठाणात.

दस्तलेखक (चाळीसगाव)

रोजचं काम आहे म्हणून थोडं लिहितो. माझ्या टेबलावर येणारा माणूस फुटाचा दर तोंडपाठ म्हणतो आणि सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचत नाही. बोजा, वारस, कूळ, सगळं तिथेच असतं. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात जमीन आदिवासी खातेदाराची आहे का ते बघाच. बिगर आदिवासीला ती परवानगीविना घेता येत नाही, मग एजंट काहीही सांगो. एनए आदेश (लागू असेल तिथे) आणि मंजूर ले-आउट दोन्ही मागा, झेरॉक्स नव्हे, सही-शिक्क्याची प्रत. प्लॉटची मोठी स्कीम असेल तर तिलाही महारेराचा नंबर लागतो, फक्त बिल्डिंगला नाही.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. तीस लाखांवर तीस हजार. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सूट गेली. हे सांगितलं की टेबलावर एकदम शांतता होते. बहुतेक नवरे म्हणतात, "जाऊ द्या हो, तीस हजारांनी काय होतं."

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ४५ लाखांपर्यंत आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत जीएसटी एकच टक्का. आपल्या गावांत बहुतेक फ्लॅट यातच बसतात. कुणी पाच मागितला तर विचारा, कशाबद्दल. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाहीच.

पहिला पगार (भुसावळ)

कुणी सांगेल का, शहरी आवास योजनेची व्याजावरची सबसिडी अजून मिळते का? माझ्या मामाला २ लाख ६७ हजार मिळाले होते. आणि वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहतो, दोन वर्षांत रिटायर होतील. क्वार्टर त्यानंतर काही महिनेच ठेवता येईल. गावी आजोबांचं घर आहे, म्हणून आम्ही बाद होतो का? एक जुना फ्लॅट बघितलाय, १९९६ ची बिल्डिंग, १६ लाख. माझा पगार २८ हजार.

*धागाकर्ता: मामांना मिळाली ती जुनी योजना, ती मार्च २०२२ मध्ये संपली. दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नको, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे आजोबांच्या नावावरचं घर आड येऊ नये. ते कागदोपत्री वडिलांच्या नावावर चढलंय का ते आधी बघ, आणि घर तुझ्या नावावर घ्यायचं की वडिलांच्या, तेही ठरव. अविवाहित असलास तर वडिलांच्या कुटुंबातच मोजला जाशील का, हे बँकेत लेखी विचारून घे.*

*१९९६ च्या बिल्डिंगचं म्हणशील तर बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते आणि त्यावर मुदत ठरवते. वीसऐवजी दहा-बारा वर्षंच दिली तर हप्ता तुझ्या पगाराला झेपणार नाही. टोकन द्यायच्या आधी बँकेच्या मूल्यांकनवाल्याला वर गच्चीवर नेऊन आण. आणि अपार्टमेंटचं घोषणापत्र नोंदवलेलं आहे का ते दस्तलेखकभाऊंना विचार, ते रोज रात्री इथे असतात.*

दस्तलेखक (चाळीसगाव)

आहे मी. सूची क्रमांक दोन (दस्त नोंदणीचा उतारा) आणि घरपट्टीची पावती काढून ठेव. फोटो टाकू नकोस, नुसता मजकूर टाईप कर.